वेंकूबाई, कुंजप्पा आणि पापनाशमचा चोर

वेंकूबाईंचं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत त्यांनी मास्तरांना फळ्यावरची चूक दाखवली, मास्तरांनी बाहेर उभं केलं, त्या ज्या चालू लागल्या त्या थेट घरी. पुढे त्यांचं काही अडलंही नाही. माणसाचं तोंड बघून पोटातलं ओळखायचं, ही पदवी त्यांच्याजवळ होती. दिली होती त्यांनीच, घेतली होती त्यांनीच.

ही विद्या त्यांना मिळाली सीआयडी कुंजप्पाकडून. कुंजप्पा म्हणजे तमिळ सिनेमातला गुप्तहेर. काखेत छत्री, कमरेला तपकिरीची डबी, एक मिशी वर नि एक खाली. दीड-दोन वर्षांनी त्याचा नवा सिनेमा यायचा आणि तंजावरच्या टाकीजमध्ये बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर वेंकूबाई असायच्याच. इंटरवलच्या आत त्या चोराचं नाव मोठ्यानं सांगून टाकायच्या. ते दर वेळी बरोबर निघायचं, असं त्यांना पक्कं आठवत होतं.

त्रेसष्ट साली टाकीजवाल्यानं कुंजप्पाचे सगळे जुने सिनेमे पहिल्यापासून पुन्हा लावले, दुपारच्या खेळाला. वेंकूबाईंनी धाकट्या लेकीला, वसुमतीला, हाताला धरून नेलं. वसुमती बी.ए. झालेली.

"तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत ते आज बघ," वेंकूबाई म्हणाल्या. "नुसत्या विडीच्या राखेवरून हा माणूस चोराच्या दारात जातो."

सिनेमा सुरू झाला. कुंजप्पा राख बघायला वाकला, त्याला शिंक आली, राख उडाली. मग तो दमून कुणाच्यातरी बैलगाडीत पेंढ्यावर झोपला. गाडी निघाली चोरांची. बैलांनी त्याला झोपल्या झोपल्या अड्ड्यावर नेऊन ठेवलं. सगळं थिएटर हसून लोळत होतं. वेंकूबाई तेवढ्या ताठ.

"हा असा वेडा कधी झाला ग?"

"आई, तो पहिल्यापासून वेडाच आहे. म्हणून तर लोक येतात."

"गप्प बस. चोर तो मुनीम. डोळे बघ त्याचे."

चोर निघाला देवळाचा धर्मकर्ता, म्हणजे विश्वस्त. मुनीम बिचारा शेवटी गाणं म्हणत नवरीच्या मागून चालला होता.

"मागच्या वेळी मुनीमच होता," वेंकूबाई म्हणाल्या. "मेल्यांनी रिळं बदलली."

मागच्या बाकावरची बाई वाकून म्हणाली, "अम्मा, पुढच्या सिनेमात तुम्ही नाव घ्याल त्याला मी आधीच सोडून देते. उरलेल्यांत शोधायला सोपं जातं."

घरी येऊन वेंकूबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. वसुमतीनं सांगितलं. बाळकृष्णराव तालुका कचेरीतून रिटायर झालेले, सहसा न हसणारे. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि पेपर बराच वेळ हलत राहिला.

त्याच महिन्यात पापनाशमचं स्थळ आलं. मुलगा गोपालकृष्ण, शाळेत गणित शिकवणारा, आणि त्याची आई राजमबाई. रिवाजाप्रमाणे सोज्जीचा शिरा झाला, बज्जी झाली, वसुमतीचं गाणं झालं. मुलानं एकच प्रश्न विचारला, "कुंजप्पा पाहता का?" वसुमती खुदकन हसली. ते हसणं वेंकूबाईंनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. त्या तेव्हा मुलाच्या तोंडावरून त्याचं पोट वाचत होत्या.

पाहुणे गेले. आठवडा उलटला, निरोप नाही.

"आपण जाऊन विचारू या का?" बाळकृष्णराव म्हणाले.

"आपण? आपले पूर्वज तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या पंगतीला बसलेले. मी लेक द्यायला कुणाच्या उंबऱ्यावर जाणार नाही. त्यांनी यावं."

आणि अशात कळलं, की बेसरी नाही. हिऱ्याची, सासूबाईंची, वसुमतीच्या लग्नासाठी ठेवलेली नाकातली बेसरी. पाहुणे यायच्या दिवशी वेंकूबाईंनी ती उजळायला बाहेर काढली होती, राजमबाईंना सहज दिसावी म्हणून. मग ती मधल्या घरातल्या कोनाड्यात ठेवली. हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि कोनाड्याखाली चटईवर कोण बसलं होतं? राजमबाई. "कोनाडा काय सुरेख आहे हो तुमचा," असं कोण म्हणालं? राजमबाई.

वेंकूबाईंनी घर उपसलं. गाद्या झटकल्या, पेटी पालथी केली, नवऱ्याच्या कोटाचे खिसे उलटे केले.

"स्वैपाकघरातली वरची फळी राहिली," वसुमती म्हणाली.

"ती सोवळ्याची. मी आता पारोशी, गादीला शिवलेली. आणि तिथं चोर कशाला जाईल? माझ्याशिवाय त्या फळीला कुणी बोट लावत नाही." त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "कुंजप्पा काय म्हणतो? जो जागेची तारीफ करतो, तोच तिथला माल नेतो. म्हणूनच निरोप नाही. चोर कसला निरोप पाठवतोय!"

"कुंजप्पा हे म्हणतो आणि भलत्याच माणसाला धरतो!" वसुमतीचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "आई, मला तेच घर हवंय. तोच मुलगा. तू तिथं जाऊन चोर हा शब्द काढलास, तर मी पुन्हा कुणासमोर गायला बसणार नाही. खरंच सांगते."

वेंकूबाईंनी खोचलेला पदर सोडला. पण अभिमान हे मोठं जड भांडं. एकदा चुलीवर चढवलं की उतरवायला दोन माणसं लागतात, आणि त्या एकट्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या बसनं पापनाशमला निघाल्या. बाळकृष्णराव सोबत आले, पण बसस्टँडवरच बाकावर बसले.

"चला ना."

"मी इथंच बरा. तुला हाकलून दिलं, की परतायला सोबत हवी."

राजमबाईंचं घर जवळच होतं. बाई सोवळ्यात, ओल्या साडीत, चुलीपुढे. "अय्यो, वेंकूबाई! या, या. शिवू नका हं मला, नैवेद्याचा स्वैपाक चाललाय. तिथं उंबऱ्याशी बसा."

वेंकूबाई स्वस्थ बसल्या कसल्या! त्यांनी येता येता मधल्या घरातले दोन कोनाडे चाचपले होते. आता बसल्या जागेवरून त्यांनी बोटांनी भिंत वाजवून पाहिली. कुंजप्पा वाजवायचा. पोकळ आवाज आला की आत माल. सगळीच भिंत पोकळ वाजत होती, मातीची होती.

मग त्यांनी घसा साफ केला. "राजमबाई, एक सरळ विचारते. त्या दिवशी आमच्या घरून तुम्ही..."

"एक मिनिट हो." राजमबाईंचा हात कानाकडे गेला. "ही कुडी सैल झाली आहे, आमटीत पडेल. पेटीत ठेवावी तर पेटीला शिवता येत नाही, आत पारोशे कपडे. जाऊ दे." आणि त्यांनी कानातली कुडी काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली, झाकण लावलं. "हे माझं नेहमीचं. मग सोवळं सोडलं की विसरते, आणि गावभर शोधत फिरते. हां, बोला. तुमच्या घरून आम्ही काय?"

वेंकूबाई डाळीच्या डब्याकडे बघत राहिल्या.

त्यांना सगळं दिसलं. या वेळी खरंच दिसलं. त्या स्वतः सोवळ्यात, ओल्या चिंचेनं बेसरी घासताहेत. दारात जटका-गाडी थांबल्याचा आवाज. पाहुणे वेळेआधी आले! पेटीला शिवता येत नाही. समोर फळी, फळीवर साठवणीच्या चिंचेचं मडकं. बेसरी मडक्यात, वर मूठभर चिंच, वर झाकण. कोनाडा कुठेच नाही. कोनाडा त्यांनी मागाहून जोडला होता, जसा तो मुनीम जोडला होता. त्या फळीला माझ्याशिवाय कुणी बोट लावत नाही, हे त्या स्वतःच भरल्या घरात ओरडून बोलल्या होत्या. कुंजप्पाला निदान बैलांनी तरी पोचवलं असतं.

"आम्ही काय केलं हो?" राजमबाईंनी पळी थांबवली.

वेंकूबाईंच्या डोळ्यांसमोर वसुमतीचा चेहरा आला.

"तुम्ही... निरोप पाठवला नाहीत," वेंकूबाई म्हणाल्या. आयुष्यात इतक्या हळू आवाजात त्या प्रथमच बोलल्या. "म्हणून मीच आले विचारायला. आमची मुलगी तुम्हाला पसंत आहे का?"

"आम्हाला?" राजमबाई थक्क. "अहो, आम्ही तुमच्या निरोपाची वाट बघतोय! तुम्ही माझ्या गोपाळकडे अशा बघत होता, जशी पोलीसचौकीत चोराकडे बघतात. तो घरी येऊन म्हणतो, 'अम्मा, मुलगी छान आहे, पण तिच्या आईला मी नको आहे.' रोज जेवण टाकून उठतोय पोर."

वेंकूबाईंनी भिंतीवरचा हात हळूच मागे घेतला.

"पण एक सांगा," राजमबाईंनी डोळे बारीक केले, "पसंती विचारायला आलात, तर आमची भिंत का ठोकत होता?"

काहीतरी थाप मारता आली असती. भिंतीत पाणी मुरलंय का बघत होते, असंही म्हणता आलं असतं. पण ह्या बाईला चोर म्हणायला आलो आणि वर थाप मारायची, हे वेंकूबाईंना गिळवेना. त्यांनी सगळं सांगितलं. बेसरी, चिंच, कोनाडा, कुंजप्पा, मुनीमसुद्धा. सांगताना मान खाली होती, पण काहीच वगळलं नाही.

राजमबाईंचा चेहरा आधी लाल झाला. पळी भांड्यावर आपटली. वेंकूबाईंना वाटलं, संपलं, बसस्टँड गाठावा. मग राजमबाईंच्या नाकातून एक आवाज आला. मग दुसरा. त्या हसत सुटल्या ते भिंतीला टेकल्या, आणि तोल सावरायला त्यांनी वेंकूबाईंचा खांदाच धरला.

"अय्यो! शिवले!" त्या ओरडल्या. "गेलं सोवळं! नैवेद्य राहिला अर्धा! सगळं तुमच्यामुळे. उठा, आधी तुम्ही विहिरीवर अंघोळ करा. काठीवर माझी सोवळ्याची साडी आहे, ती नेसा आणि आमटी सांभाळा. मी मागून येते. आणि मीठ जपून हं, विहीणबाई, माझा मुलगा कमी खातो."

तासाभरानं बाळकृष्णराव बाकावर बसून कंटाळले आणि भीतभीत त्या घराच्या दाराशी आले. आत बायको दुसऱ्याची सोवळ्याची साडी नेसून दुसऱ्याच्या चुलीपुढे घामाघूम झालेली. त्यांनी डोळे चोळले.

"वेंकू... सापडला का चोर?"

"सापडला," वेंकूबाई पापड उलटत म्हणाल्या. "जेवायला वाढतोय. पाय धुऊन या."