शुक्रवारचं उत्तर

कागदाच्या घड्या घालायची हाडाची पट्टी खट्कन फरशीवर पडली आणि पाळण्यातलं बाळ दचकलं. मी श्वास रोखला. निजलं परत. ते निजलेलं असतं तेवढ्यातच माझं शिवणं होतं, आणि हे चोरून लिहिणंही.

खाली नवऱ्याचा छापखाना आहे; तिथे छापलेल्या चोपड्या मी वर बसून शिवते. फ्रान्सशी तह व्हायचाय, म्हणून अख्ख्या लंडनला वादाच्या चोपड्यांचं वेड लागलंय. लढाईत आपण जिंकलेलं ग्वाडलूप बेट फ्रेंचांना परत द्यावं की ठेवावं? आज मी शिवत होते ती 'द्यावं' म्हणणारी. त्यातल्या एका ओळीनेच पट्टी हातातून सुटली: 'तिथे आपले शिपाई मेले ते बहुतेक तापानेच, त्यांच्यापायी बेट कवटाळणं हा बायकी हळवेपणा.'

माझा भाऊ एमॉस, शिपाई म्हणून गेलेला, तिथेच तापाने गेला. धड मिसरूडही फुटलं नव्हतं. वाळूत पुरला म्हणे.

ते पान घेऊन मी खाली गेले. लेखक मिस्टर थॅक्ली आमच्याच घरची मटण भरून भाजलेली पाई खात पुढच्या चोपडीची मुद्रितं तपासत होते. मी पान त्यांच्या हातात दिलं.

"एवढी ओळ काढा. माझा भाऊ आहे त्यात."

"अहो हेस्टरबाई, रडता कशाला? शुक्रवारी याला सणसणीत उत्तर येतंय. 'आमच्या शूरांच्या हाडांवर फ्रेंच ऊस लावणार काय?' वाचून रुमाल भिजेल तुमचा."

"कोण लिहितंय ते?"

त्यांनी बोटं चाटली. "मीच. दुसऱ्या नावाने. जोसाया, तेही तूच छापतोयस ना रे?"

"छापतोय," नवरा छपाईचे खिळे जुळवत पुटपुटला. मान काही वर केली नाही.

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला?" ते खरंच विचारात पडले. "पाई जरा खारट झालीय."

मी नवऱ्याकडे वळले. "जोसाया, तू तरी काढ."

"छापून झालंय गं सगळं. शिवून टाक."

पान परत घेऊन वर आले. त्यांच्या बोटांचा तुपकट डाग त्या ओळीवरच उमटला होता. सुई ओवली. मी नाही शिवलं, तर शेजारची शिवेल.

टॅबी घड्या घालायला माझ्याजवळ सरकली. माझी मोठी लेक, गालावर शाई लागलेली. मी ती पुसली, तिचा पापा घेतला.

"आई, मामाचं बेट परत देणार?"

"देतील बहुतेक, राणी."

तिने घडी नीट दाबली. "मग मामाला आधी उकरून आणणार, की त्यालाही देऊन टाकणार?"