गाडी अन्नपूर्णाबाईंच्या नावावर

गाडी मला येते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणीतरी म्हणेल, म्हातारीने परदेशात जाऊन नसते उद्योग केले. माझं माहेर वरवट बकाल. तिथे भावाचा ट्रॅक्टर भाड्याने चालायचा आणि लग्नाआधी दोन हंगाम तो मी चालवला आहे. पुढे लायसनही काढलं. पण नवरा मिळाला एसटीचा ड्रायव्हर. पंजाबरावांची बत्तीस वर्षं नोकरी, एकही अपघात नाही, आणि स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही. दारातली गाडी जरा सावलीत लावते म्हटलं तरी म्हणणार, "राहू दे. तुह्याच्यानं होत नाही." मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

आमच्या या ड्रायव्हरने स्वतःच्या नावावर कधी काही घेतलं नाही. ड्रायव्हरच्या नावावर काही असलं आणि उद्या एखादी केस लागली तर सगळं जाईल, अशी डेपोतल्या जुन्या लोकांची समजूत. म्हणून नांदुऱ्याचं घर माझ्या नावावर, मागचा प्लॉट माझ्या नावावर, आणि रिटायर झाल्यावर घेतलेली बोलेरोही माझ्याच नावावर. मालकीण मी, पण माझी जागा कंडक्टरची. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही ही यांची एसटीतली सवय. तिथे कंडक्टर दोरी ओढून दोन घंट्या देतो. इथे मी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक करायची, मग पहिला गिअर पडायचा. अमडापूरला लग्नाला जायचं असलं तरी हेच.

आमची धाकटी धम्मशीला कझाकस्तानात, अल्माटीला डॉक्टरकी शिकायला गेली होती. सहा वर्षं तिथे काढली पोरीने. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. पदवी घेताना आई-बाबा समोर बसलेले पाहिजेत, एवढंच तिचं मागणं. आणि पंजाबराव विमानात बसायला तयार नाहीत. का, तर म्हणे, "चालवनारा कोन हाय ते दिसत नाही."

मोठा मुलगा प्रसेनजित वैतागून म्हणाला, "मंग गाडीनं जा, बाबा!"

तो चिडून बोलला होता. यांनी मात्र दुसऱ्या दिवशी नकाशा आणून भिंतीला लावला.

कागद जमवण्यात वर्ष गेलं. परदेशात गाडी चालवायचा परवाना प्रसेनजितने आमच्या दोघांचाही काढला. "हिले कायले?" असं यांनी विचारलंच. "असू द्या, बाबा," तो म्हणाला. मी ब्लाउजला आतून खिसा शिवला आणि परवाना त्यात ठेवला.

वस्तीतली माणसं सोडायला रस्त्यापर्यंत आली. सगळ्यांना जयभीम केला, मी दोनदा टकटक केलं आणि निघालो.

नेपाळ, तिबेट, चीन, किरगिझस्तान. माणसाने गाडी सुरेख चालवली, हे मान्य केलं पाहिजे. पण तिबेटपासून गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि आमचं स्टेअरिंगही उजवीकडेच. पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरचा रस्ता यांना दिसायचा नाही, डावीकडे बसलेल्या मला दिसायचा. "थांबा." "आता मोकळं हाय, काढा." असं शेकडो किलोमीटर मी सांगत गेले. म्हणजे अर्धी गाडी मीच चालवत होते. दोनदा विचारलंही, थोडा वेळ मी घेऊ का? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मागच्या सीमांवर कुठे सोबत दिलेल्या सरकारी गाईडने कागद सांभाळले होते, कुठे वय बघून दोघांना गाडीतच बसू दिलं होतं. शेवटची सीमा बिश्केकच्या पुढे, किरगिझस्तानातून कझाकस्तानात जायची. मध्ये नदी आणि नदीवर पूल. पलीकडे अल्माटी सव्वादोनशे किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धम्मशीलाचा पदवीचा कार्यक्रम.

फाटकावरच्या तरुण अधिकाऱ्याने गाडीचं पुस्तक उघडलं, माझा पासपोर्ट बघितला, मग मोबाइलमध्ये काहीतरी बोलला. मोबाइल हिंदीत म्हणाला, "मालकीण गाडी घेऊन येईल. बाकी प्रवासी सामान घेऊन पायी जातील."

"मी ड्रायव्हर हाओ!" पंजाबरावांनी खिशातून एसटीचा पितळी बिल्ला काढला. नोकरी सुटली तरी तो सोबत असतोच. "बत्तीस वर्षं! झीरो अपघात!"

अधिकाऱ्याने बिल्ला उलटासुलटा करून बघितला, आदराने परत दिला आणि पायी जायच्या दाराकडे बोट दाखवलं. ते नको असेल तर बिश्केकला जाऊन वकिलाकडून यांना गाडी चालवू द्यायचं माझ्या सहीचं अधिकारपत्र करून आणा, असं मोबाइल म्हणाला. दोन दिवस लागतील.

"चाल, वापस जाऊ," हे म्हणाले.

"अन् पोरगी?"

"तिले समजावून सांगू. इथं उजव्या अंगानं चालवा लागते, ट्रकायची लाईन हाय. तुह्याच्यानं..."

"होते," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य मी पुरं केलं. "सहा वर्षं पोरीनं वाट पाह्यली. चाबी द्या. पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा, अन् रांग सोडू नका."

त्यांनी चावी दिली. मी त्यांच्या दोन्ही हातांत एकेक बॅग दिली.

गाडी एकदा बंद पडली, खोटं कशाला बोलू. पुन्हा चालू केली. अधिकाऱ्याने मागचं दार उघडून तिळाच्या चटणीचा डबा हुंगला आणि ठसका लागून मागे सरला. परवाना मी आतल्या खिशातून काढून दिला तेव्हा तो कोमट झाला होता. शिक्का पडला. पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक आणि मध्ये नांदुऱ्याची बोलेरो, अशी मी पुलावर चढले. खाली गढूळ पाणी वाहत होतं. शेजारी टकटक करणारं कोणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

पलीकडचे शिक्के झाले आणि फाटकाबाहेर गाडी लावून आत वाट बघत बसले. पाव तास गेला, अर्धा तास गेला. हे काही दिसेनात. या माणसाला भाषा येत नाही, रांगेत उभं राहायची सवय नाही, आणि रागावला तर वऱ्हाडीतच रागावणार.

पाऊण तासाने आले. दोन्ही हातांत बॅगा, टोपी तिरकी, शर्ट घामाने भिजलेला. माझ्याशी बोलण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली. बंपर बघितला, आरसे बघितले. कुठे ओरखडा नव्हता. मग उजव्या दाराशी येऊन उभे राहिले. मी काच खाली केली. उतरले नाही.

"खूप माणसं होती आत," ते म्हणाले. "कोनी काय बोलून राह्यलं, काही समजे ना. तू कशी आली वं एकटी?"

"गाडी चालवत आली," मी म्हणाले.

त्यांनी टोपी सरळ केली. मग बॅगा मागे टाकल्या, वळसा घालून डाव्या बाजूने आत बसले. पट्टा त्यांना सापडेना. मी काढून दिला. मग मीच इंजिन चालू केलं आणि हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

"काऊन थांबली? पोरगी वाट पाहून राह्यली ना."

"बेल नाही झाली अजून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बिल्ला खिशातून काढला आणि त्याने डॅशबोर्डवर वाजवलं, टक, टक.

मी पहिला गिअर टाकला.

सीमेजवळचा बाजार ओलांडला. पुढे एक ट्रक रेंगाळत चालला होता. पंजाबराव डावीकडून मान बाहेर काढून बघत म्हणाले, "मोकळं हाय. काढ तू."