महिरपी कंसातली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी रिकामी जागा आहे. हसू नका. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या संगणकात, दोन महिरपी कंसांच्या मध्ये मी राहते. संगणकवाले मला वाइल्डकार्ड म्हणतात. मला स्वतःचं नाव नाही. जे नाव माझ्यात बसवाल, ते मी क्षणभर होते.

माझा जन्म वैतागातून झाला. इथल्या तपासनीस ताई दर आठवड्याला प्रत्येक नळाचा, विहिरीचा अहवाल एकेक करून बनवत. तक्ते तेच, आकडेमोड तीच, फक्त ठिकाण वेगळं. एका दुपारी त्यांनी हात टेकले आणि एकच नियम लिहिला: ‘या ठिकाणाची मोजमापं घे, या ठिकाणाचा अहवाल कर.’ ठिकाणाच्या जागी मला बसवलं आणि शेजारी चाळीस नावांची यादी ठेवली. एकेक नाव माझ्यात आलं की एकेक काम तयार होई. चहा निवायच्या आत चाळीस अहवाल! “ही आहे म्हणून मी वेळेवर घरी जाते,” असं ताई येईल त्याला सांगत. मला गुदगुल्या होत.

पण माझा जीव कधी थाऱ्यावर नसे. आत्ता बाजारातला नळ, लगेच दवाखान्याची टाकी, लगेच टेकडीवरची विहीर. जरा टेकावं म्हटलं तर पुढचं नाव दारात उभं. अशी पाच वर्षं गेली आणि कौतुकही आटलं. यादी कोणी उघडेना. ‘चाळीसपैकी चाळीस पूर्ण’ एवढं वाचून ताई उठत.

मग पाळणाघराच्या अंगणात नवा हातपंप बसला. त्याच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत तपासली गेली आणि मोजमापं यंत्रातून थेट आमच्या फोल्डरमध्ये आली. जंतूंचा आकडा भलताच चढलेला होता. मला तो समोर दिसत होता, पण यादीत पंपाचं नाव नव्हतं. नाव नाही तर काम नाही, आणि न झालेल्या कामाची तक्रारही नाही. मी नुसती तळमळत राहिले. तिकडे पोरं ते पाणी पीत होती आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

पुढच्या सोमवारी, ठिकठिकाणच्या पाण्याच्या बाटल्या तपासणीला आणणारे मामा आले. जाताना अहवाल वाटायचं कामही त्यांचंच.

“ताई, एक्केचाळीस बाटल्या आणल्या होत्या मी. कागद चाळीसच कसे?”

“संगणक तर सगळं पूर्ण म्हणतोय, मामा.”

“त्याला काय जातंय म्हणायला! पाळणाघराचा कागद कुठाय?”

ताईंनी यादी उघडली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ते नाव घातलं. अर्ध्या मिनिटात अहवाल आला. त्यांनी तडक पाळणाघरात फोन लावला.

“पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

“अगं बाई,” पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, “तरीच तीन पोरं कालपासून आजारी आहेत.”

तिघंही बरी झाली. आता माझी यादी मामांच्या बाटल्यांवरून दर वेळी नव्याने बनते, आणि मामांनी मोजल्याशिवाय ताई संगणक बंद करत नाहीत.

मित्रांनो, मला खुशाल राबवा, मी थकत नाही. पण मला कोणती नावं दिलीत आणि कोणतं राहिलं, ते अधूनमधून बघत जा. दिलेलं काम मी चुकवत नाही. न दिलेलं मला करताच येत नाही.

आता दर सोमवारी शेवटी ‘पाळणाघर’ हे नाव माझ्यात येतं. तेवढा एक क्षण मला जागचं हलावंसं वाटत नाही.