जास्तीची काकडं

किन्हवलीच्या बाजारात शेवळांची रानभाजी घेताना प्रत्येक बाई एकच विचारते, "घशात खाजणार नाय ना गो?" गोदी जुडीवर मूठभर काकडं, रानातली हिरवी फळं, टाकते. "ही आंबट काकडं वाटून घाल, मंग कशी खाजंल?" बाई खूश होऊन जाते. गोदीनं स्वतः खाल्ली का, हे कुणी विचारत नाही. ज्यानं रान तुडवायचं त्यानंच आधी खायचं, एवढा साधा न्याय या तालुक्यात होता कधी?

गोदी खात नव्हती ते मात्र गरिबीपायी नाही. मागच्या पावसाळ्यात तिनं पाट्याच्या पाट्या विकल्या आणि घरात मीठ-मिरचीशी भात गिळला, तो संजूपायी.

तिच्या कातकरवाडीत रीत होती. वर्साची पहिली शेवळं शिजली की घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन एकेक पान वाढायचं, मग जित्यांनी खायचं. एखाद्याचं नाव राहिलं तर भाजी खाजते. "उपाशी राहिलेला घशात येऊन बसतो," म्हातारी माणसं सांगत.

संजू तिचा एकुलता पोरगा. बायको-पोरीला घेऊन घाटावर कोळसाभट्टीवर गेला. मुकादमाचा टेंपो वैशाखऱ्यावरून माळशेज चढून गेला, आणि मागच्या पावसाच्या तोंडाला परत आल्या त्या फक्त सून कविता आणि नात सोनाली. "पळाला तुझा पोरगा. कुणी बाईबिई असंल," मुकादम टेंपोतून खाली न उतरताच बोलला. कविता मान घालून उभी. कातकऱ्यानं मोळीभर लाकूड तोडलं तर त्याला हुडकत वाडीपर्यंत येतात. कातकरीच हरवला तर कुणाच्या बापाचं काय जातं?

गोदीनं 'पळाला' हा शब्द पदरात बांधून ठेवला. पळालेला माणूस जिता असतो.

"शेवळं विकतेस नि खात नाय, वाणीण झालीस का काय?" शेजारच्या धाकलूची बायको टोमणा मारायची. गोदी हसण्यावारी न्यायची. संजूला पान वाढलं तर तो मेला. नाही वाढलं आणि भाजी खाजली, तरी मेलाच. त्यापेक्षा भाजी चुलीवर न चढलेली बरी.

यंदा सोनालीनं ते मोडलं. विकायच्या पाटीतलं कच्चं शेवळ तिनं चोरून चावलं आणि तोंड धरून बोंब ठोकली. ओठ टरारून सुजले. कविता तिच्या जिभेवर काकड चोळत, सासूकडं न बघता म्हणाली, "आय, रान आपलं, पाटी आपली, नि आपलीच पोर चोरून खाते."

गोदीच्या ते काळजात गेलं. "चूल पेटव," ती म्हणाली.

तिनं शेवळं चिरली, उकडली, मूठभर जवळा टाकला. मग काकडं वाटायला घेतली, नेहमीपेक्षा दुप्पट.

"आय, एवढी?"

"पोरीचं तोंड सोललंय. गप ऱ्हा."

खोटं होतं ते. संजूचं नाव ती घेणार नव्हती, आणि भाजी खाजूही देणार नव्हती. एवढ्या आंबटापुढं कुठला उपाशी घशात टिकतो ते बघायचं होतं तिला.

झोपडीमागं तिनं पळसाची चार पानं मांडली. नवरा जाणू. सासरा. सासू. आणि नाव ठेवायच्या आधीच गेलेली लेक. संजूचं नाव ओठापर्यंत आलं, ते तिनं गिळलं.

तिघी जेवायला बसल्या. गोदीनं घास घेतला आणि वाट बघत बसली. घसा गप्प होता.

"कवे, खाजली?"

"नाय."

"सोने, तुला?"

पोरीनं भरल्या तोंडानं मान हलवली. गोदी मोठ्यानं हसली. "बघ! जिता हाये माझा संजू!"

कविताचा हात ताटातच राहिला.

गोदी ताट अर्धं ठेवून पाणी आणायला मागं गेली. चार पानांच्या पलीकडं, जरा लांब, पाचवं पान होतं. त्यावर चिमूटभर भाजी.

कविता मागं येऊन उभी होती.

"ह्ये कुणाचं?"

 कविता एकदम बोलली, "भट्टीला भोक पडलं व्हतं, धूर भायेर येत व्हता. मुकादम बोलला, चढ, माती टाक. संजू चढला. वरचा थर खचला, आय. आत गेला त्यो." तिनं आत सोनालीकडं बघितलं. "पळाला म्हण, नायतर पोरगी बी आत टाकीन, बोलला."

"नि तू मला..."

"रोज सांगणार व्हते. तू जिता हाये म्हणायचीस. मला वाटायचं, तुझ्याकडं तरी जिता राहू दे." तिनं पाचव्या पानाकडं हात केला. "पर मागच्या पावसात उपाशी ठेवला त्याला. या बारीला नाय ठेववलं."

गोदीनं तिला मारलं नाही. ऊरही बडवला नाही. आत गेली, स्वतःचं ताट घेऊन आली आणि पाचव्या पानापुढं बसली.

"एवढंच वाढलंस? एवढ्यानं काय व्हतंय त्याला?"

ताटातली सगळी भाजी तिनं बोटांनी निपटून पानावर ओतली. बोट चाटलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"आंबट झालीय गो," ती म्हणाली. "त्याला आंबट नाय आवडायची."