दोन वायरी, एक यूपीएस

परीक्षा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा वाघोलीच्या त्या कॉलेजात एकशे ऐंशी मुलांचे स्क्रीन एकदम अडकले. दिवे चालू, पंखे चालू, कॉम्प्युटरही चालू. फक्त प्रश्न पुढे सरकेनात. नेटवर्क सांभाळणारी कादंबरी धावत सर्व्हर रूमकडे गेली आणि दारातच थबकली. सगळ्या लॅब जोडणारा मुख्य नेटवर्क स्विच बंद पडला होता. त्याला वीज देणारा यूपीएस गेला होता.

खरं तर हे व्हायलाच नको होतं. एका बाजूची वीज गेली तर दुसऱ्या बाजूवर चालावा म्हणून त्या स्विचला दोन पॉवर सप्लाय होते. ते दोन वेगवेगळ्या यूपीएसवर घ्यायचे, हा आराखडा तिनेच केला होता. पण दुसरा यूपीएस भिंतीपलीकडे होता. मे महिन्यात वायरिंग करताना कॉलेजचे इलेक्ट्रिशियन मकबूलभाई म्हणाले होते, "मॅडम, भिंतीला भोक पाडून लाइन आणायला दोन दिवस द्या. दोन्ही वायरी एकाच यूपीएसवर लावल्या, तर दोन असून उपयोग काय?"

परीक्षा केंद्राच्या तपासणीचा फॉर्म त्याच दिवशी द्यायचा होता. "आत्ता लावून टाका, नंतर बघू," ती म्हणाली, आणि फॉर्मवर लिहिलं: दोन स्वतंत्र यूपीएस. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

मकबूलभाईंनी एक्स्टेन्शन ओढून पलीकडून वीज आणली. स्विच सुरू झाला, पण तोवर ते सत्र रद्द झालं होतं. फेरपरीक्षा पुढच्या रविवारी. गेटपाशी शिरूरकडून आलेल्या एका बापाने कादंबरीला विचारलं, "ताई, पोरीचा पेपर लय भारी चालला व्हता म्हणती. लिव्हलेलं धरतील ना?"

"नाही," एवढंच तिला म्हणता आलं. मुलगी बापामागे तोंड फिरवून उभी होती.

दुपारी प्राचार्य श्यामसुंदर सरांनी दोघांना बोलावलं. समोर तो फॉर्म होता.

"कागदावर दोन यूपीएस, स्विचला जोडलेला एक. दुसरा काय, मकबूलभाई, तुम्ही घरी नेलात?"

मकबूलभाईंनी एकदा कादंबरीकडे पाहिलं. ती फॉर्मवरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत बसली. आता बोलू, आता बोलू, असं मनात चाललं होतं. तोंड मात्र उघडलं नाही.

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

"बरं साहेब."

जिन्याखाली तिने त्यांना गाठलं. ते पिशवीत हत्यारं भरत होते.

"मकबूलभाई, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "चौदा वर्षं इथे काम करतोय. साहेबांनी माझं खरं मानलं असतं की नाही, कोण जाणे. तुमचं मानलं असतं."

मे महिन्यातल्या चुकीपेक्षा मघाचं ते गप्प बसणं तिला जास्त लागलं. ती तशीच परत वर गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "हे मघाशी सुचलं नाही?"

"सुचलं होतं, सर. धीर झाला नाही."

"छान," ते म्हणाले आणि फॉर्म पुन्हा समोर ओढला.

तिला मेमो मिळाला. परीक्षेची जबाबदारी तिच्याकडून काढून घेतली गेली. मकबूलभाईंना सरांनी स्वतः फोन केला. गुरुवारी ते आले, भिंतीला भोक पाडलं, दुसरी लाइन आणली. कादंबरीने दुरुस्त होऊन आलेल्या पहिल्या यूपीएसची वायर काढून पाहिली; स्विच चालूच राहिला.

"माफ करा, मकबूलभाई."

त्यांनी खिशातून एक नवी छोटी वही काढली. त्यात त्या दिवशीचं काम आणि त्यांनी सुचवलेल्या दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या.

"आता जे सांगेन ते इथे लिहून ठेवणार, मॅडम. खाली तुमची सही लागेल."

तिने सही केली. वही परत देताना तिला त्यांच्याकडे वर बघवलं नाही.