ज्याने मला रिकामं ठेवलं

मित्रांनो, मी आहे एक जुना चामड्याचा हातमोजा. गोल, जाडजूड, टम्म फुगलेल्या भाकरीसारखा. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे एक जण उकिडवा बसतो. फलंदाजाला न लागलेला चेंडू त्याने झेलायचा असतो. त्याला कॅचर म्हणतात. अशाच एका कॅचरच्या हातात माझं आयुष्य गेलं.

डोमिनिकन रिपब्लिक या देशातल्या एका साखर कारखान्याच्या गावात सेफेरिना नावाची बाई घोड्यांची खोगिरं शिवायची. तिचा मुलगा लिसांद्रो रोज तळहात सुजवून घरी यायचा. ते बघून तिला घास गिळवत नसे. शेवटी तिने खोगिराच्या चामड्यातून मला शिवलं आणि माझ्या पोटात जरा जास्तच लोकर भरली.

चेंडू धप्पकन माझ्यात येऊन बसला की मला बरं वाटे. तेच माझं जेवण. ते हिसकावून घेणारा एकच माणूस होता, बंदराच्या संघाचा अनाक्लेतो. त्याची बॅट माझ्या तोंडासमोरून जायची आणि चेंडू भिंतीपलीकडच्या उसात पडायचा. मी मात्र उघड्या तोंडाने तसाच राहायचो. राग यायला हवा होता. पण असं सुंदर उपाशी राहणं मी दुसऱ्या कुणाकडून अनुभवलं नाही.

लिसांद्रोचाही तो देवच. लहानपणी त्याला बघूनच तो खेळ शिकला होता. दोघांच्या खेळताना गप्पा चालायच्या.

"काय रे, लग्न कधी? का या मोज्याशीच संसार करणार?"

"मोजा निदान तुमच्यासारखा टोमणे तरी मारत नाही, उस्ताद!"

वर्षं गेली. अनाक्लेतोची बॅट उशिरा येऊ लागली. चेंडू वरचेवर माझ्याकडे पोहोचू लागले. त्याची नजर अधू होत चालली होती, हे सगळ्यांत आधी मला कळलं.

मग हंगामाची ती शेवटची दुपार आली. आज एक तरी फटका बसला नाही, तर पुढच्या वर्षी त्याला घेणार नाहीत, हे गावभर झालं होतं. तीन चेंडू हुकले किंवा सोडले की फलंदाज बाद. पहिला चेंडू तो चुकला.

"आजोबा, चष्मा घरी राहिला का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

लिसांद्रोचा हात माझ्या आत घामेजला. पंच नवा चेंडू घ्यायला वळला, तेवढ्यात लिसांद्रो पुटपुटला, "उस्ताद, आता हळू येतोय. गुडघ्यापाशी."

कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांच्या खुणेने सांगतो; आमच्या चेंडू फेकणाऱ्या वेंतुराला खुणेपलीकडे यातलं काहीच माहीत नव्हतं. चेंडू हळूच आला, अगदी गुडघ्यापाशी. अनाक्लेतोने बॅट खांद्यावरून हलवलीसुद्धा नाही. चेंडू माझ्यात येऊन बसला. त्याचा दुसरा मोकाही गेला.

"कुणी विचारलं होतं तुला?" मागे न बघता तो म्हणाला.

"उस्ताद, मला वाटलं..."

"मी मेलो नाही अजून. खांदा द्यायची घाई करू नकोस. तुझ्या त्या चेंडू फेकणाऱ्या पोराला सांग, असेल नसेल तेवढा जोर लावून टाक म्हणावं."

 लिसांद्रोने बोटांनी वेंतुराला खूण केली: सगळ्यात वेगाचा. आणि मला फलंदाजाच्या छातीपाशी धरलं, जिथे चेंडू मारणं सगळ्यात अवघड असतं.

अनाक्लेतोने पूर्ण अंग फिरवून बॅट मारली. तिचा वारा मला लागला. केसभर अंतर राहिलं असेल. चेंडू इतक्या जोरात आला की सेफेरिनाने भरलेली लोकरही कमी पडली. बाद.

अनाक्लेतोने वाकून, लिसांद्रोने वर धरलेल्या मला बॅटचं टोक लावलं.

"हा चेंडू खरा टाकलात दोघांनी," तो म्हणाला आणि हसत निघून गेला. तो पुन्हा खेळला नाही.

आता मी लिसांद्रोच्या घरी खिळ्याला टांगलेला असतो. चामडं तडकलं आहे, शिवण उसवली आहे. कधी तेलाचं बोट फिरवलंत तर आनंदच होईल. पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळंच आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्यासमोर कधी हळू खेळू नका. तो हरेल, तुम्हाला रडू येईल. तरीही तुमचा सगळ्यात वेगाचा चेंडूच त्याला द्या.