साडेपाच झाडं

आमच्या रस्त्याच्या कडेला साडेपाच झाडं आहेत. हे मी म्हणत नाही, रस्ते-कचेरीचा कागद म्हणतो. कचेरीच्या बाहेर काचेच्या पेटीत तो टाचून ठेवला होता, खाली गोल शिक्का, वर रुंद करायच्या रस्त्याचा नकाशा. सून वाचत होती आणि मी तिच्या खांद्याला टेकून ऐकत होते.

"साडेपाच?" मी म्हटलं. "अर्धं झाड कोणतं गं? वरचं अर्धं की खालचं?"

"आई, थांबा जरा. पुढचं ऐका." तिचा आवाज बदलला होता. "मधमाश्यांची पोळी, सात. बेडूक रस्ता ओलांडतात ते दिवस, तीन. मोरीतल्या पाण्याची कमाल पातळी, दोन फूट."

"दोन?"

"दोन. म्हणून जुनी मोरी बुजवायची आणि तिथे दोन फुटी पाइप टाकायचा. आणि रस्ता दोन फूट उचलायचा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आमचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला. डोंगरावरून उतरणारं सगळं पाणी आमच्या कुंपणाला घासून येतं, रस्त्याखालच्या दगडी मोरीत शिरतं आणि पलीकडे ओढ्याला मिळतं. मोरी साडेचार फूट उंच. बांधणाऱ्याला अक्कल होती. त्या मोरीच्या भरवशावर माझ्या सुनेची रोपवाटिका उभी आहे. नऊ वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. तेव्हा ती चार महिने भिंतीकडे बघत बसली होती आणि मग एक दिवस उठून काळ्या पिशव्यांत माती भरायला लागली. आज सहा हजार रोपं आहेत. रस्ता उचलून मोरीच्या जागी पाइप टाकला की तो रस्ता नाही, धरण होतं. आणि धरणाच्या पोटात कोण? आम्ही.

आता ते आकडे कुठून आले, ते सांगते. पर्यावरणाला काय काय धक्का लागेल ते तपासायला उन्हाळ्यात एक मोजणीवाला आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीला लावलेला फॉर्म. मोरी कोरडी ठणठणीत. त्याने आमच्या दारात उभं राहून मला प्रश्न विचारले आणि सून रोपांच्या मागून ओरडली, "आई, आज सरळ सांगा हं!"

ती तसं का ओरडली, तेही कबूल करते. गल्लीत माझी ख्याती आहे. आमच्या सासऱ्यांच्या घोरण्याने शेजाऱ्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे जायचं, हे मीच सांगितलेलं. एका वर्षी दोन डासांनी मिळून आमची बादली उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी कडी राहिली म्हणून परत आले, हेही मीच. लोक पोट धरून हसतात, मला बरं वाटतं. यात कुणाचं काय जातं?

पण त्या दिवशी मी कोर्टात उभी असल्यासारखी बोलले. झाडं अकरा. पोळी चौदा. बेडूक सहा दिवस ओलांडतात. आणि पाणी? सून नवी नवरी होती त्या वर्षी मी स्वतः मोरीच्या तोंडाशी उभी राहून अडकलेली फांदी ओढत होते. पाणी माझ्या छातीला लागलं होतं. चार फूट. आमचं कोंबड्यांचं खुराडं माझ्या डोळ्यांदेखत आत शिरलं आणि पलीकडून आख्खं बाहेर पडलं. हे खुराड्याचं मी त्याला सांगितलंसुद्धा नाही, उगाच थाप वाटायची म्हणून.

अकराचे साडेपाच. चौदाचे सात. सहाचे तीन. चाराचे दोन. कचेरीच्या पायरीवर मी बोटांवर मोजलं आणि उठलेच.

"कुठे निघालात?" सून म्हणाली.

"शिंप्याकडे."

शिंप्याचं दुकान रस्त्याच्या खालच्या अंगाला, बरोबर आमच्या समोर. मोजणीवाला आमच्याकडून निघून तिथेच गेला होता आणि चहा पीत अर्धा तास बसला होता. मी दारातून पाहिलं होतं.

"बटन," मी म्हटलं. सगळी गल्ली त्याला बटनच म्हणते. "खरं सांग. काय सांगितलंस त्याला?"

तोंडातल्या टाचण्या काढायला त्याने नको इतका वेळ लावला. "कुणाला, आजी?"

"तुझ्या आजोबाला! मोजणीवाल्याला!"

"काही नाही हो. त्याने विचारलं, या बाईंचं कितपत धरायचं. मी म्हटलं, बाई देवमाणूस, पण आमच्या गल्लीत आजीचं निम्मं धरतात."

"आणि त्याने धरलं."

"मला काय माहीत तो लिहून घेईल? गमतीत बोललो मी."

"गमतीत! सहा हजार रोपं बुडतील ना, ती पण गमतीतच बुडतील. तुला काय, तू खाली बसलायस. पाणी वरच अडणार."

"आजी, रागावू नका, पण," तो हळूच म्हणाला, "डास परत कडी न्यायला आले होते, असं सांगणाऱ्या माणसाचा कितवा हिस्सा धरायचा, तुम्हीच सांगा."

डासांचं ते मीच सांगितलं होतं. म्हणून तर जास्त राग आला. त्याच्या टेबलावर माझा शिवायला दिलेला झगा होता, बाही न लावलेला. तो तसाच उचलला आणि घरी आले.

हरकत लेखी द्यायची होती आणि तीन दिवस उरले होते. संध्याकाळी सून कागद घेऊन बसली. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आई, एक सुचतंय. आपण आठ फूट लिहू. बावीस झाडं, अठ्ठावीस पोळी. ते निम्मं करतील. बरोबर बसेल सगळं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर तोंडाला पाणी सुटलं. सरकारला फसवायचं, तेही खरं लिहून घेण्यासाठी! असली थाप मला सत्तर वर्षांत जमली नव्हती. मग डोक्यात दुसरंच आलं.

"आणि निम्मं न करणाऱ्या माणसाच्या हाती कागद पडला तर? साडेचार फुटी मोरीतून आठ फूट पाणी? हसून फेकून देईल. आणि नाही फेकला, केलंच निम्मं, तर त्यांचा हिशोब कायमचा बरोबर ठरला. मग तू काही सांगायला गेलीस, तरी म्हणतील, त्याच घरची ना, करा निम्मं."

"मग काय लिहू?"

"चार."

"नाही धरलं तर?"

"चारच लिही गं! उद्या मीच जाते घेऊन."

कचेरीतले साहेब गोरेगोमटे, बोलायला मऊ. टेबलावर काचेखाली स्वतःच्याच सहलीचे फोटो. त्यांनी हरकत वाचली, मोजणीवाल्याला बोलावलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आजी, पाइप बसवायचा निर्णय तांत्रिक आहे," साहेब म्हणाले.

"निर्णय शिंप्याचा आहे," मी म्हटलं. "पँटचं माप घेणाऱ्याने तुमच्या पाण्याचं माप घेतलं."

मोजणीवाल्याचे कान लाल झाले. "साहेब, स्थानिकांकडून खात्री करावी लागते. नियम आहे. मी दोन घरी विचारलं."

"मोरीत उतरून पाहिलंस?"

"फॉर्ममध्ये आत उतरण्याचा रकाना नाही."

"आणि साडेपाच झाडं? डोळे होते ना तुला? मान वर करून मोजता आली नाहीत?"

"ऊन फार होतं," तो म्हणाला. अगदी खरेपणाने म्हणाला. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"बरं बरं," साहेब म्हणाले, "तीन फूट करून टाकू. तुमचंही राहील, आमचंही राहील."

"बाजार भरलाय का इथे? पाणी तुमच्याशी घासाघीस करणार आहे?" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार, कारण दोन डोकी दारातून आत आली. "येऊन बघा. नाही आलात तर मी इथून हलत नाही."

आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन दोघं आले. शिंपी दुकानाच्या दारात गळ्यात टेप घालून उभा राहिला. सून हात मातीने भरलेले तसेच घेऊन कुंपणाशी आली.

साहेबांनी मोरीच्या तोंडाशी वाकून आत पाहिलं. "अंधार आहे. पावसाळ्यात पुन्हा येऊन पाहू."

"पावसाळ्यात पाइप पडलेला असेल. जुन्या पुराची रेघ आहे आत, भिंतीवर. जा आत."

"आजी, मी असा कसा..." त्यांनी पँटकडे पाहिलं. फिकट रंगाची होती. मोजणीवाल्याने बुटांकडे पाहिलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी शिंप्याकडे गेले, त्याच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि सरळ मोरीत शिरले.

"आई!" सून किंचाळली. "गुडघा बघा स्वतःचा!"

गुडघा काय, कंबर पण बोलत होती. आत ओल, वटवाघळांचा वास, पायाखाली गाळ. दहा पावलं वाकून गेले, मधोमध एका दगडावर बसले आणि ओरडले, "रेघ माझ्या समोर आहे! या आणि वाचा!"

"तुम्हीच वाचून सांगा, आजी!"

"मी वाचलं की तुम्ही निम्मं कराल! या आत. तोवर मी बाहेर येत नाही. जेवणबिवण इथेच पाठवा मला!"

बाहेर कुजबुज झाली. मोजणीवाला म्हणाला, "साहेब, मी जातो," आणि साहेब म्हणाले, "तू गेलास तर पुन्हा शिंप्याला विचारशील." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग उजेड अडला, आणि साहेब हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत, जिवाच्या आकांताने श्वास घेत माझ्यापर्यंत आले. पाठोपाठ मोजणीवाला, तोंडात विजेरी धरून.

रेघ स्पष्ट होती. खाली दगड काळा, वर पांढुरका. रेघेच्या जरा खाली, सांध्यात, वाळलेलं गवत अजून खोचलेलं होतं, आणि खुराड्याच्या जाळीचा एक गंजका तुकडा. साहेबांनी गाळ बाजूला करून टेप धरला, विजेरीच्या उजेडात वाकून पाहिलं, पुन्हा धरला, पुन्हा पाहिलं.

"चार फूट," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दीड इंच."

"दीड इंच मी सोडून दिला होता," मी म्हटलं. "थाप वाटायला नको म्हणून."

साहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग डोक्यावरच्या दगडाला हात लावला, अगदी हळू. माणूस वाईट नसावा. पण मला त्याची दया आली नाही. तो दोन महिने खुर्चीत बसला होता, आणि माझी सून दोन महिने पिशव्यांत माती भरत होती. ती रोपं कुठल्या पाण्याखाली जाणार, ते नकाशात आधीच आखून झालं होतं.

"चला आजी, बाहेर."

"आधी लिहा."

त्यांनी तिथेच, गुडघ्यावर पाटी ठेवून, दोन फूट खोडलं आणि खरा आकडा लिहून सही केली. मग मी मोजणीवाल्याला झाडं मोजायला बाहेर पाठवलं. तो एकेका झाडाला हात लावून ओरडत होता आणि मी आतून ऐकत होते. अकरा भरली. सून नंतर सांगत होती, पोळी मोजायला त्याला तीनदा मान वर करावी लागली, आणि तिसऱ्या वेळी एक माशी त्याच्या कानाला डसली. माझा काही हात नव्हता त्यात. बेडकांचे दिवस मात्र त्याने न मोजता सहा लिहिले.

बाहेर आले तेव्हा सुनेने माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातावरची माती माझ्या हाताला लागली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे तिचं तोंडही मातीने बरबटलं.

महिन्याने नवा नकाशा लागला. मोरी आहे तशीच राहणार, उलट रुंद रस्त्याइतकी लांब बांधणार. झाडांतली तीन जाणार, आठ राहणार. त्या तीन झाडांसाठी मी अजून कचेरीत फेऱ्या घालते आहे. परवा साहेबांनी मला चहा दिला आणि हसत हसत म्हणाले, "आजी, आता तुमचं पूर्ण धरतो आम्ही."

सगळे हसले. मी नाही हसले. मी त्यांना विचारलं, "पलीकडच्या वस्तीतला रस्ता पण रुंद करताय ना? तिथल्या मोरीत कोण शिरलंय?"

साहेबांनी फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि मोजणीवाल्याकडे पाहिलं. मोजणीवाला खिडकीबाहेर बघायला लागला.